वैमानिकाचा कान आणि आपला कान

आपल्या केज तालुक्यातील एका खेड्यातला एक मुलगा काही वर्षांपूर्वी हवाई दलाच्या भरतीला गेला होता. लेखी परीक्षेत तो उत्तीर्ण झाला. धावण्यात तर तो पहिल्या काही मुलांत होता. घरी आनंदाचे वातावरण होते. परंतु वैद्यकीय तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या कानात बारीक उजेड टाकून पाहिले आणि कागदावर दोन ओळी लिहिल्या. उजव्या कानाच्या पडद्याला छिद्र आहे, सबब अपात्र. मुलगा रात्रीच्या एस.टी.ने परत आला.

आम्ही त्या घरी भेटायला गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "लहानपणी कान फुटायचा वो त्याचा. गोड तेल सोडायचो. मोठा झाला की आपोआप राहील म्हणायचे समदे." वडील काहीच बोलले नाहीत. कान वाहण्याचे खरोखरच थांबले होते, पण पडद्याचे छिद्र तसेच राहिले होते. मुलाला ते ठाऊक नव्हते, कारण वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत त्याचा कान कोणी तपासलाच नव्हता.

त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनात घर करून आहे. वैमानिकाचा कान कसा तपासतात, तो इतका काटेकोरपणे का तपासतात, आणि विमानाच्या प्रचंड आवाजात तो कान शाबूत कसा ठेवतात, याची माहिती आम्ही मिळवत गेलो. ती मिळवताना एक गोष्ट लक्षात आली. ज्ञान वैमानिकाच्या कानाचे असले तरी त्याचा उपयोग गिरणीवाल्याला, ट्रॅक्टर चालविणाऱ्याला, ऊसतोड कामगाराच्या लेकराला आणि मिरवणुकीत नाचणाऱ्या तरुणाला तितकाच आहे. म्हणून प्रस्तुत लेख सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वैमानिकाला कान कशासाठी?

पुष्कळांना वाटते की वैमानिकाला डोळे चांगले असले म्हणजे झाले. डोळे तर हवेतच, पण आजचे विमान कानावरही तितकेच चालते. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले, तेव्हा त्यांच्या लहानशा पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. आज मात्र विमान जमिनीवरून हलविण्यापूर्वीच वैमानिक नियंत्रण कक्षाशी बोलू लागतो. किती उंचीवर जायचे, कोणत्या दिशेला वळायचे, कोणत्या धावपट्टीवर उतरायचे, या सर्व सूचना त्याच्या कानावर पडतात. ऐकलेली सूचना त्याने शब्दशः उलट म्हणून दाखवावी लागते आणि ती बरोबर म्हटली की नाही हे नियंत्रकाने ऐकावे लागते.

आकडे ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून त्यांच्या उच्चारांचेही नियम ठरले आहेत. इंग्रजीतील 'नाइन' हा आकडा वैमानिक 'नायनर' असा उच्चारतात आणि 'फाइव्ह' हा 'फाइफ' असा. रेडिओच्या खरखरीत हे दोन आकडे एकमेकांसारखे ऐकू येतात, म्हणून ही काळजी. एका आकड्याची किंमत किती असते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे अशी दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्याची सूचना होती, तरीही ते त्या खाली आले. तेथे कोणाचा कान बहिरा नव्हता. इंग्रजीतील सूचना नीट न समजणे हे चौकशीत पुढे आलेल्या कारणांपैकी एक होते. परंतु सांगितलेले आणि समजलेले यांत अंतर पडले तर काय घडते, हे त्यातून कळते. मग जेथे मुळात ऐकूच कमी येते, तेथे धोका किती वाढेल याचा विचार वाचकांनीच करावा.

आता अडचण अशी की ज्या जागी इतके नीट ऐकायचे, ती जागाच गोंगाटाची. एका इंजिनाच्या लहान पंख्याच्या विमानात, जसे शिकाऊ वैमानिक चालवितात, वैमानिकाच्या कानाशी साधारण ९० ते १०० डेसिबल आवाज असतो. हेलिकॉप्टरमध्येही तो तितकाच किंवा त्याहून अधिक असतो. मोठ्या प्रवासी जेट विमानाची पुढची खोली त्या मानाने शांत, तरी साधारण ७५ ते ८५ डेसिबलची. म्हणजे ज्या कानावर त्याचे काम चालते, तोच कान त्याच्या कामामुळे झिजण्याचा धोका असतो. म्हणूनच वैमानिकाच्या बाबतीत तपासणी आणि संरक्षण या दोन गोष्टी हातात हात घालून चालतात.

आवाजाने कान कसा झिजतो?

कानाचे तीन भाग आहेत. बाहेरचा कान आवाज गोळा करतो. त्याच्या टोकाला पडदा असतो. पडद्यामागे मधला कान आणि त्यात तीन चिमुकली हाडे. त्याच्याही आत गोगलगाईच्या शंखासारखा आतला कान. या शंखात द्रव भरलेला असतो आणि सुमारे पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. वाऱ्याने ज्वारीचे पीक डोलावे, तशा या पेशींवरील बारीक केसांच्या झुलण्याने आवाजाचे रूपांतर मज्जातंतूच्या संदेशात होते.

मोठ्या आवाजात हे केस आडवे होतात. आवाज थोडा वेळच असेल तर ते पुन्हा उभे राहतात. मिरवणुकीहून आल्यावर रात्री कानात कुंई वाजते, दडे बसल्यासारखे वाटते आणि सकाळी बरे वाटते, ते यामुळे. परंतु रोज रोज तोच प्रकार झाला, तर वादळात पडलेल्या पिकासारखे ते पुन्हा उठत नाहीत. माणसाच्या कानात या पेशी नव्याने उगवत नाहीत. त्वचेला जखम झाली तर भरून येते, मोडलेले हाड जुळते, पण मेलेली केशपेशी परत येत नाही. कोणतेही औषध, कोणतेही तेल तिला परत आणू शकत नाही. हा या लेखातील सर्वात महत्त्वाचा मुद्दा होय.

आवाजाचे माप डेसिबल. या मापाची एक गंमत आहे, ती नीट समजून घ्यावी. येथे ३ डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते. म्हणून ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो असे धरले, तर ८८ डेसिबल चारच तास, ९१ डेसिबल दोन तास, ९४ डेसिबल एक तास आणि १०० डेसिबल केवळ पंधरा मिनिटे. आकड्यात फरक पंधराचा दिसतो, पण सुरक्षित वेळ आठ तासांवरून पाव तासावर येते.

आणखी एक गोष्ट. आवाजाने होणारे नुकसान सर्व स्वरांत सारखे होत नाही. ते प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपास म्हणजे बारीक, उंच स्वरांत होते. बोलण्यातील स्वर त्यामानाने खालचे असल्याने माणसाला आपला कान गेला आहे हे कळतच नाही. पुढे 'स', 'श', 'फ', 'थ' यांसारखी अक्षरे धूसर होतात. 'साठ' म्हटले की 'आठ' ऐकू येते. आवाज येतो, शब्द कळत नाही. घरचे म्हणतात, म्हातारा आपल्याला हवे तेच ऐकतो. बिचाऱ्याला हवे-नको काही नसते, त्याच्या केशपेशी गेलेल्या असतात.

कानाची परीक्षा कशी होते?

ज्याला स्वतःला कळत नाही ते तपासणीत कळते. वैमानिकाच्या कानाची तपासणी कशी होते, ते आता पाहू.

पहिली पायरी डोळ्याने पाहण्याची. डॉक्टर कानात उजेड टाकून पडदा पाहतात. त्याला छिद्र आहे का, तो आत ओढला गेला आहे का, कान वाहतो आहे का, मळ साचला आहे का, हे पाहिले जाते. आमच्या तालुक्यातील तो मुलगा याच पायरीवर थांबला.

दुसरी पायरी कुजबुजीची. सैन्यदलांच्या तपासणीत उमेदवाराला डॉक्टरांकडे पाठ करून उभे करतात, म्हणजे ओठ पाहून उत्तर देता येऊ नये. एक कान बंद ठेवतात. मग ६१० सेंटिमीटर म्हणजे सुमारे वीस फुटांवरून डॉक्टर कुजबुजत्या आवाजात शब्द किंवा आकडे म्हणतात आणि ते उमेदवाराने परत म्हणायचे असतात. दोन्ही कान वेगवेगळे तपासतात, कारण एक कान चांगला असला की तो दुसऱ्याचे दोष झाकतो. चिमटा-काट्याचीही तपासणी असते. तो दांड्यावर कंप पावणारा काटा कानाजवळ आणि कानामागच्या हाडावर ठेवतात. त्यावरून दोष पडद्याच्या व मधल्या कानाच्या बाजूचा आहे की आतल्या कानाचा, याचा अंदाज येतो.

तिसरी पायरी यंत्राची. हिला ऑडिओमेट्री म्हणतात. उमेदवाराला आवाज न येणाऱ्या लहान खोलीत बसवतात आणि कानावर हेडफोन देतात. यंत्रातून एकेक स्वर अगदी बारीक सुरू होतो. ऐकू आला की बटण दाबायचे. २५० हर्ट्झच्या जाड स्वरापासून ८,००० हर्ट्झच्या बारीक स्वरापर्यंत हे चालते. प्रत्येक स्वर किती मंद असताना ऐकू आला, याच्या खुणा कागदावर केल्या जातात. उजव्या कानासाठी लाल गोल आणि डाव्या कानासाठी निळी फुली असा प्रघात आहे. त्या खुणा जोडल्या की कानाचा आलेख तयार होतो. आवाजाने झिजलेल्या कानाच्या आलेखात ४,००० हर्ट्झपाशी खड्डा दिसतो. माणूस 'मला सगळे ऐकू येते' असे सांगत असतो आणि कागद खड्डा दाखवीत असतो.

या तपासणीआधी किमान चौदा तास कान शांत ठेवावा असा दंडक आहे. आदल्या रात्री लाऊडस्पीकरपुढे नाचून किंवा रातभर इंजिनाजवळ बसून सकाळी तपासणीला जाणारा उमेदवार आपलेच नुकसान करून घेतो. कारण आडवे झालेले केस अजून उठलेले नसतात आणि चांगला कानही बिघडलेला दिसतो.

उत्तीर्ण होण्याची मर्यादा कामाप्रमाणे बदलते. हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी २५० ते ८,००० हर्ट्झच्या दरम्यान श्रवणदोष २० डेसिबलपेक्षा जास्त नसावा असा दंडक आहे. नागरी विमानाच्या व्यावसायिक वैमानिकासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरविलेली मर्यादा थोडी सैल आहे. प्रत्येक कानात वेगवेगळा, ५००, १,००० आणि २,००० हर्ट्झला ३५ डेसिबलपर्यंत आणि ३,००० हर्ट्झला ५० डेसिबलपर्यंत दोष चालतो. त्याहून अधिक दोष असला तरी विमानातील गोंगाटासारखाच आवाज चालू असताना तो बोलणे नीट ऐकू शकतो का, याची चाचणी घेऊन निर्णय होऊ शकतो. कान शांत खोलीत नव्हे तर कामाच्या जागी कसा चालतो हेही पाहावे, हा त्यामागील विचार.

परीक्षा एकदाच होत नाही. याच आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पहिल्या परवान्याच्या वेळी ऑडिओमेट्री होते, चाळिशीपर्यंत किमान दर पाच वर्षांनी आणि त्यानंतर किमान दर दोन वर्षांनी. प्रत्येक नवा आलेख जुन्या आलेखाशेजारी ठेवून पाहतात. आलेख एक एक पायरी खाली उतरत असेल, तर वैमानिक पूर्ण अपात्र ठरण्यापूर्वीच सावध होता येते. या क्षेत्रातील अभ्यासासाठी बंगळूर येथे हवाई दलाची हवाई-अवकाश वैद्यक संस्था १९५७ पासून कार्यरत आहे.

कानाचे रक्षण कसे करतात?

गोंगाट टाळता येत नसेल तेथे आवाज आणि कान यांच्यामध्ये भिंत उभी करावी लागते. विमानात ती तीन प्रकारे करतात.

पहिली भिंत म्हणजे मऊ फोमचे बूच. त्याला इअरप्लग म्हणतात. बोटांनी वळून बारीक करायचे, डोक्यावरून दुसरा हात घेऊन कानाची पाळी वर व मागे ओढायची, बूच आत घालायचे आणि ते फुगेपर्यंत सुमारे अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचे. नीट बसले तर आवाज वीस-पंचवीस डेसिबलने कमी होऊ शकतो. वरच्यावर टेकवले तर त्याचा उपयोग नाहीसा होतो. कापसाचा बोळा याची जागा घेऊ शकत नाही, कारण आवाज त्यातून सहज आरपार जातो.

दुसरी भिंत इअरमफची, म्हणजे दोन्ही कानांवर बसणाऱ्या वाट्यांची. वैमानिकाचा हेडसेट हा असाच वाट्यांचा असतो आणि त्याच्या आत रेडिओ ऐकण्याचे साधन बसविलेले असते. येथे एक सापळा आहे. बाहेर गोंगाट असला की वैमानिक रेडिओचा आवाज वाढवितो आणि मग रेडिओच कानाला मारू लागतो. म्हणून काही वैमानिक हेडसेटच्या आत इअरप्लगही घालतात. आपल्याला वाटेल की मग ऐकू कसे येणार? परंतु गोंगाट आणि बोलणे दोन्ही सारखेच कमी होतात आणि कानावरचा ताण कमी झाल्यामुळे चांगल्या कानाच्या माणसाला शब्द उलट अधिक स्पष्ट लागतात. जेट विमानाजवळ जमिनीवर काम करणारे कर्मचारीही बूच आणि वाट्या दोन्ही एकदम वापरतात.

तिसरी भिंत आवाजानेच आवाज मारण्याची. यामागची कल्पना अमर बोस यांना १९७८ साली झ्युरिकहून बोस्टनला जाणाऱ्या विमानात सुचली. ते एका बंगाली स्वातंत्र्यसैनिकाचे पुत्र आणि अमेरिकेतील प्राध्यापक होते. हेडफोनमधील बारीक मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि यंत्र त्याच्या नेमका उलट आवाज तयार करून कानाशी सोडते. दोन्ही एकमेकांना खोडून टाकतात. १९८६ साली व्हॉयेजर नावाचे विमान वाटेत इंधन न भरता, कोठेही न उतरता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. नऊ दिवसांच्या त्या प्रवासात दोन्ही वैमानिकांनी असे प्रायोगिक हेडसेट वापरले आणि १९८९ मध्ये ते वैमानिकांसाठी बाजारात आले. ही युक्ती इंजिनाच्या जाड घरघरीवर उत्तम चालते, बारीक किंचाळ्या आवाजांवर तितकी नाही. त्यासाठी वाट्यांची जाडीच उपयोगी पडते.

आवाजाखेरीज कानाचा आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे हवेचा दाब. विमान खाली उतरताना बाहेरचा दाब वाढतो आणि पडदा आत ओढला जातो. घशापासून मधल्या कानापर्यंत एक नळी असते. गिळताना ती उघडते आणि दाब सारखा होतो. सर्दी झाली असेल तर ही नळी सुजून बंद होते, कान ठणकतो, कधी पडद्याला इजा होते. म्हणूनच सर्दी झालेल्या वैमानिकाने उड्डाण करू नये असा शिरस्ता आहे. आपल्याकडे सर्दीला कोणी आजार समजत नाही. वैमानिकाच्या जगात सर्दी हे रजेचे रीतसर कारण आहे.

आता आपल्या गावाकडे

ही नळी लक्षात ठेवा, कारण तिच्यातूनच आपण पुन्हा केजला येतो. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे नाक-घशातील सर्दीचा संसर्ग सहज कानात जातो. कानात पू होतो, पडदा फुटतो, कान वाहू लागतो. वेळीच उपचार झाला तर पडदा बहुधा भरून येतो. तो झाला नाही आणि पुन्हा पुन्हा तेच होत राहिले, तर छिद्र कायमचे राहते.

आपल्या तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. बैलगाडी वा ट्रॅक्टरमागे संसार, थंडीत उघड्या रानात पाचटाची कोपी, चुलीचा धूर, आणि सर्दीने वाहणारे नाक. तेथे लेकराचा कान फुटला तर दवाखाना कोणता आणि मजुरी बुडवून जायचे कोणी? मग गोड तेल, लसणाचे तेल, कोणाच्या सांगण्यावरून आणखी काही कानात सोडले जाते. आम्ही आई-बापांना दोष देत नाही. परंतु फुटलेल्या कानात तेल सोडल्याने छिद्र बुजत नाही, उलट संसर्ग वाढू शकतो. कान वाहत असेल तर तो कोरडा ठेवावा, त्यात पाणी जाऊ देऊ नये, त्या कानाने विहिरीत उडी मारू नये, काडीने वा केसाच्या पिनेने कोरू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. तान्ह्या बाळाला अगदी आडवे झोपवून पाजण्याऐवजी डोके थोडे उंच धरून पाजावे.

दाखवायचे कोठे, हा प्रश्न येतो. आपल्याजवळच अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे कान-नाक-घसा विभाग आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात. त्यांच्या तपासणीच्या यादीत कान वाहणे आणि कमी ऐकू येणे या दोन्ही गोष्टी आहेत. पथक येईल त्या दिवशी मूल शाळेत हजर राहील आणि कानाची तक्रार सांगेल, एवढे पालकांनी व गुरुजनांनी पाहावे. जे मूल मागच्या बाकावर बसते, प्रश्न दोनदा विचारायला लावते, त्याला 'मठ्ठ' म्हणण्यापूर्वी त्याचा कान पाहावा. आपल्या पुष्कळ हुशार मुलांचे शिक्षण डोक्याने नव्हे, कानाने अडवले आहे, अशी आमची खात्री झाली आहे.

मोठ्यांच्या कानाचा प्रश्न गोंगाटाचा आहे. पिठाची गिरणी, मळणी यंत्र, केबिन नसलेला ट्रॅक्टर, गुऱ्हाळाचे इंजिन, कारखान्यातील टर्बाइन, यांचा आवाज अनेकदा ८५-९० डेसिबलच्या पुढे जातो. म्हणजे आपला गिरणीवाला दिवसभर लहान विमानाच्या वैमानिकाच्या जवळपास जाणाऱ्या गोंगाटात बसतो. फरक एवढाच की वैमानिकाच्या कानावर हेडसेट असतो आणि गिरणीवाल्याच्या कानावर पिठाने पांढरे झालेले उपरणे. वैमानिकाचा कान ठरावीक मुदतीने तपासतात, गिरणीवाल्याचा कधीच नाही. कायद्यात गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा हा नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य रोग म्हणून दिला आहे. कारखान्यात काम करणाऱ्या बांधवांनी हे ध्यानात ठेवून कानाची तपासणी आणि इअरमफ यांची मागणी करावी. ती मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. ज्याचे स्वतःचेच यंत्र आहे, त्याने काही रुपयांत मिळणारे इअरप्लग वापरावेत.

शेवटी ज्याविषयी बोलणे अवघड आहे, त्याविषयी बोलतो. मिरवणूक कोणाचीही असो, जयंतीची, लग्नाची वा उत्सवाची, त्यातील डी.जे.च्या भिंतीपुढे आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो. वर दिलेला हिशेब आठवावा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. आपली मुले तेथे चार-चार तास नाचतात आणि सर्वात लहान लेकरे खांद्यावर बसून स्पीकरच्या अगदी समोर असतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. उत्साह कमी करा असे आम्ही म्हणत नाही. स्पीकर लहान लावा, लेकरांना मागे ठेवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मोबाईलच्या हेडफोनचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील शंभर कोटींहून अधिक तरुणांचे कान अशा ऐकण्याने धोक्यात आहेत. आठवड्याला ८० डेसिबलवर चाळीस तास, ही तिने सुचविलेली मर्यादा आहे.

समारोप

मराठवाड्याच्या मातीतून आकाशात जाता येत नाही असे कोणी म्हणू नये. नांदेड जिल्ह्याच्या हदगाव तालुक्यातील हस्तरा या गावचे विवेक राम चौधरी २०२१ ते २०२४ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी तयार करीत आहे. २०१६ पासून आपल्या देशात मुली लढाऊ विमाने चालवू लागल्या आणि २०२२ पासून प्रबोधिनीचे दारही मुलींना खुले झाले. वाट आहे. त्या वाटेवर अभ्यास लागतो, मेहनत लागते, हे आपण मुलांना सांगतोच. कानही लागतो, हे मात्र आपण सांगत नाही.

वैमानिकाच्या कानाची परीक्षा अर्ध्या तासात उरकते, पण त्या अर्ध्या तासात त्याच्या अठरा वर्षांचा हिशेब होतो. कोपीतील थंडी, न दाखवलेला कान, मिरवणुकीतील रात्री, हे सर्व त्या आलेखात उतरते. परीक्षेच्या दिवशी मग काही करता येत नाही. जे करायचे ते आज, लेकरू सहा महिन्यांचे असताना, सहा वर्षांचे असताना करायचे.

सुरुवातीला ज्या मुलाविषयी लिहिले, त्याच्या कानावर पुढे पडदा बसविण्याची शस्त्रक्रिया झाली. कान आता कोरडा आहे आणि त्याला बरे ऐकू येते. भरतीचे वय मात्र निघून गेले. तो आता गावातच ट्रॅक्टर चालवतो आणि चालवताना कानात इअरप्लग घालतो. लोक हसतात. त्याची मुलगी यंदा अंगणवाडीत जाते. तिला पहिल्यांदा सर्दी झाली तेव्हा तिसऱ्याच दिवशी तो तिला घेऊन अंबाजोगाईला गेला होता. गोड तेलाची बाटली त्याच्या आईने स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आहे.